ऑस्ट्रेलियाची लाडकी गाणी आणि आमचे आण्णा

गेल्या वर्षी मी प्रथम वर्षाला होते. पहिल्याच आठवड्यात एका तासाला सर्वांनी आपापली ओळख करून द्यायची होती. नाव, गाव आणि वडील काय करतात. माझ्या आधीच्या मुलींचे वडील कुणी शिक्षक, कुणी तलाठी, एकीच्या वडिलांचे औषधांचे दुकान. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘‘माझे वडील ट्रान्सपोर्टच्या व्यवसायात आहेत.’’ सरांनी कौतुकाने विचारले, ‘‘वा! म्हणजे स्वतःच्या गाड्या?’’ मी नुसती हसले आणि खाली बसले.

आमचे आण्णा ड्रायव्हर आहेत. गाडी मालकाची. कारखान्यावरून साखरेची पोती भरायची आणि रातोरात घाट उतरून बंदराला पोचवायची, हा त्यांचा व्यवसाय. शिक्षण पाचवी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका वक्तृत्व स्पर्धेला गेले. विषय दुष्काळाचा होता, म्हणजे माझ्या अगदी घरचा! भाषण तोंडपाठ होते. पण बोलण्याच्या ओघात ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ निघून गेले, एकदा नव्हे, तीनदा. पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच ‘पानी, पानी’ केले आणि हशा पिकला. पुढचे भाषण मी कसे संपवले ते मला आठवत नाही. त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येक शब्द मनात घासून पाहण्याची मला सवय लागली. साहजिकच मी फार थोडे बोलू लागले.

लेख ऑस्ट्रेलियाच्या गाण्यांचा आणि ही रडकथा कशाला, असे वाचक म्हणतील. जरा दम धरावा. या दोहोंचा संबंध आहे, आणि तो मला एका स्वयंपाकघरातून कळला.

माझा मामेभाऊ मेलबर्नला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. मामांनी कर्ज काढून त्याला शिकायला धाडले. आता तो दिवसा शिकतो आणि संध्याकाळी कांदे चिरतो. जुलै २०२५ मधल्या एका शनिवारी त्याचा निरोप आला : ‘‘आज इथं कुणाचं कामात लक्ष नाही. रेडिओवर गाण्यांची मोजणी चाललीय. आपल्याकडं निवडणुकीची मतमोजणी ऐकतात ना, तसे हे लोक ऐकतायत.’’

झाले होते असे. ट्रिपल जे नावाचे तिथले एक सरकारी रेडिओ केंद्र आहे, तरुणांसाठी चालवलेले. १९७५ साली ते सिडनीत सुरू झाले. श्रोत्यांची मते घेऊन शंभर आवडत्या गाण्यांची यादी लावण्याची त्यांची जुनी प्रथा आहे. पन्नास वर्षे झाली म्हणून त्यांनी २०२५ मध्ये लोकांना विचारले, की जगातली राहू द्या, फक्त आपल्या देशातली गाणी सांगा. शंभरापासून एकापर्यंत दिवसभर एकेक गाणे वाजत होते आणि माझ्या भावाच्या स्वयंपाकघरात पातेली करपत होती. पहिले आले ‘नेव्हर टेअर अस अपार्ट’, सिडनीच्या ‘इन एक्सेस’ या बँडचे, १९८७ सालच्या त्यांच्या संग्रहातले. त्यांचा गायक मायकेल हचेन्स १९९७ साली गेला. त्याच्या अंत्यविधीतही हेच गाणे वाजले होते. आता अ‍ॅडलेडच्या एका फुटबॉल संघाचे हजारो लोक प्रत्येक घरच्या सामन्याआधी गळ्यातले पट्टे वर धरून ते गातात. दुसरे आले ‘हिलटॉप हूड्स’ या अ‍ॅडलेडच्याच मंडळींचे २००३ सालचे ‘द नोजब्लीड सेक्शन’. या नावाचा अर्थ भावाने सांगितला तेव्हा मी मनापासून हसले. प्रेक्षागृहातल्या अगदी वरच्या, लांबच्या, स्वस्तातल्या जागा. इतक्या उंच, की तिथे बसून माणसाच्या नाकातून रक्त यावे! तिथे बसणाऱ्यांसाठी केलेले ते गाणे. आणि ते गातात कसे? भाऊ म्हणाला, ‘‘अगं, हे रॅप अमेरिकेतलं, पण ही पोरं आपल्या गावच्या हेलात म्हणतात.’’

‘गावच्या हेलात’ या शब्दांनी मी सावध झाले. परीक्षेच्या अभ्यासातही घातला नसेल इतका वेळ मी पुढचे काही महिने या गाण्यांत घातला, हे इथे कबूल करते.

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण या धनाढ्य, गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या देशालाही आपल्या बोलण्याची लाज वाटत असे. इंग्लंडचे इंग्रजी ते शुद्ध, आपले ते गावंढळ. तिकडचे पुस्तक ते पुस्तक, आपले ते आपले! रेडिओवरचे निवेदकदेखील इंग्लंडच्या धाटणीने बोलत. मेलबर्नचे एक शिक्षक आणि समीक्षक ए. ए. फिलिप्स यांनी १९५० साली ‘मीनजिन’ नियतकालिकात या दुखण्यावर एक निबंध लिहून त्याला नाव दिले, ‘कल्चरल क्रिंज’. आपली कोणतीही गोष्ट बाहेरच्या मोठ्या माणसाच्या नजरेने पाहायची आणि आधीच अंग चोरायचे, असा त्याचा भाव. निबंधाविषयी वाचताना मला ती स्पर्धेची पुढची रांग दिसत होती.

या अंग चोरण्यावर सर्वांत आधी औषध दिले ते शहरातल्या विद्वानांनी नव्हे, तर एका गवळ्याच्या पोराने. न्यू साउथ वेल्समधल्या केम्पसीजवळच्या डेअरीवर वाढलेला डेव्हिड कर्कपॅट्रिक. अकराव्या वर्षी त्याने स्वतःचे नाव ठेवले ‘स्लिम डस्टी’. सडपातळ आणि धुळकट! १९५७ साली त्याने गॉर्डन पार्सन्सने रचलेले ‘अ पब विथ नो बिअर’ म्हटले. गुत्ता आहे पण त्यात बिअरच नाही, त्यामुळे गावात सगळ्यांची तोंडे उतरली आहेत, एवढाच विषय. त्या गाण्याने खपाचे विक्रम केले आणि ते इंग्लंडमध्येही लोकप्रिय झाले. त्याचा आवाज मी ऐकला आहे. नाकातून, सावकाश, ओट्यावर बसून कुणी गप्पा सांगाव्यात तसा. तो पुढे शंभरांवर ध्वनिमुद्रिका करून गेला आणि आपला हेल त्याने कधी सोडला नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या समारोपाला त्यानेच गिटार घेऊन ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’ म्हटले आणि अख्खे स्टेडियम त्याच्यामागे म्हणत होते. तेही गाणे एका मेंढी चोरणाऱ्या भटक्याचे, बँजो पॅटर्सन यांनी १८९५ मध्ये लिहिलेले. १९७७ साली राष्ट्रीय गीतासाठी जनमत घेतले तेव्हा ते दुसरे आले. राष्ट्रगीत दुसरेच झाले. पण राष्ट्रगीत म्हणताना लोक उभे राहतात आणि हे म्हणताना झुलतात, असे माझा भाऊ सांगतो.

आता एक गंमत. ‘आमची, घरची’ म्हणून ज्या बँडांवर हे लोक जीव टाकतात, त्यांत घरचे किती? २००१ साली तिथल्या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेने सर्वोत्तम ऑस्ट्रेलियन गाण्यांची यादी केली, तीत पहिले आले ‘ईझीबीट्स’चे १९६६ सालचे ‘फ्रायडे ऑन माय माइंड’. आठवडाभर राबणाऱ्या आणि शुक्रवारची वाट पाहणाऱ्या पोराचे गाणे. या बँडमधली पाच पोरे सिडनीजवळच्या व्हिलावुड इथल्या स्थलांतरितांच्या वसतिगृहाच्या परिसरात एकत्र आली. दोघे हॉलंडचे, दोघे इंग्लंडचे आणि एक स्कॉटलंडचा. ऑस्ट्रेलियात जन्मलेला एकही नाही! त्यातल्या स्कॉटिश जॉर्ज यंगचे दोन धाकटे भाऊ म्हणजे ‘एसी/डीसी’चे माल्कम आणि अँगस. त्यांचे नाव मेलबर्नच्या एका गल्लीला २००४ साली दिले गेले. ‘डाउन अंडर’ हे १९८१ सालचे गाणे तर दुसरे राष्ट्रगीतच समजतात. ते म्हणणारा ‘मेन अ‍ॅट वर्क’चा कॉलिन हे चौदाव्या वर्षी स्कॉटलंडहून आलेला. ‘क्राउडेड हाउस’ आपले म्हणून ऑस्ट्रेलियन भांडतात, तर त्याचा म्होरक्या नील फिन न्यूझीलंडचा. तेव्हा घरचे म्हणजे तिथे जन्मलेले नव्हे, तिथल्या मातीत मुरलेले, असे म्हणावे लागते. आमच्या लोणच्यातली मोहरीही आमच्या शिवारातली नसतेच की.

मग तिथे जन्मलेल्यांचे, ज्यांचे पूर्वज तिथे हजारो पिढ्या आहेत त्यांचे काय? हा प्रश्न मला फार उशिरा पडला, याची खंत वाटते.

उत्तरेला अर्न्हेम लँड नावाचा आदिवासी मुलूख आहे. तिथल्या योलंगू समाजात मंडावुय युनुपिंगू नावाचे गृहस्थ होऊन गेले. १९८८ साली ते पदवीधर झाले. अर्न्हेम लँडमधून विद्यापीठाची पदवी मिळवणारे ते पहिले आदिवासी! हे वाचले तेव्हा मी वही मिटून ठेवली आणि थोडा वेळ नुसती बसले. ते आपल्या यिर्कला गावच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. आणि हा मुख्याध्यापक बँडही चालवत असे. बँडचे नाव ‘योथू यिंडी’, म्हणजे लेकरू आणि आई. १९८८ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी आदिवासींशी करार करण्याचे वचन दिले होते. तीन वर्षे गेली तरी कराराचा पत्ता नव्हता, तेव्हा यांनी १९९१ साली ‘ट्रीटी’ हे गाणे केले. अर्धे इंग्रजीत, अर्धे आपल्या भाषेत. पहिल्या रूपात ते फारसे कुणी ऐकले नाही. त्यावर नाचता येईल असा ठेका चढवून नवी आवृत्ती निघाली, तेव्हा देशभर वाजले. ज्यांना त्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता ते शहरी लोक त्या शब्दांवर नाचले. युनुपिंगूंना १९९२ सालचा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. आपली बोली त्यांनी शाळेतही आणली होती आणि रंगमंचावरही. मी मात्र माझी बोली कॉलेजच्या फाटकाबाहेर, सायकलबरोबर उभी करून आत येत होते.

१९९१ सालीच पॉल केली आणि केव्ह कार्मोडी यांचे ‘फ्रॉम लिटल थिंग्ज बिग थिंग्ज ग्रो’ आले. २३ ऑगस्ट १९६६ रोजी वेव्ह हिल नावाच्या, ब्रिटिश मालकीच्या प्रचंड गुरांच्या ठाण्यावरून व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे सुमारे दोनशे गुरिंजी लोक बायकापोरांसह काम सोडून चालते झाले. सुरुवात मजुरीवरून झाली, मागणी जमिनीची ठरली. नऊ वर्षांनी, १९७५ मध्ये, पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम तिथे आले आणि त्यांनी लिंगियारींच्या तळहातावर मूठभर माती ओतली. एवढी सगळी हकिकत त्या एका गाण्यात आहे, पोवाड्यात असते तशी, ओळीने.

या गाण्यांचे कौतुक करताना एक गोष्ट मनाला टोचते, ती लिहिलीच पाहिजे. आदिवासींची जमीन परत द्या असे सांगणारे ‘मिडनाइट ऑइल’चे १९८७ सालचे ‘बेड्स आर बर्निंग’ गोऱ्या ऑस्ट्रेलियनांना तोंडपाठ आहे. जॉन फार्नमचे १९८६ सालचे ‘यू आर द व्हॉइस’ लग्नातसुद्धा गळा काढून म्हणतात. २०२३ साली आदिवासींना संसदेपुढे आपला आवाज मांडण्यासाठी घटनेत एक मंडळ असावे की नको, यावर सार्वमत झाले. ‘हो’ म्हणणाऱ्यांना फार्नमने आपले हे गाणे प्रचाराला दिले. १४ ऑक्टोबरला मोजणी झाली आणि सुमारे साठ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. म्हणजे गाण्याला मत देणारे हात आणि पेटीत मत टाकणारे हात यांची गाठ पडली नाही. मला हे परके वाटले नाही. आपणही अभंग डोळे मिटून ऐकतो.

माझ्या भावाचे आवडते गाणे मात्र वेगळेच. पॉल केलीचेच, १९९६ सालचे, ‘हाउ टू मेक ग्रेव्ही’. हे गाणे म्हणजे एक पत्र आहे. ज्यो नावाचा कैदी २१ डिसेंबरला तुरुंगातून आपल्या भावाला लिहितो. नाताळला सगळे जमतील, मी नसेन, मग मटणावरचा रस्सा कोण करणार? आणि चक्क कृती सांगतो : पीठ किती, मीठ किती, चवीला काय घालायचे. मध्येच बायकोची आठवण, मध्येच नसता संशय, मग माफी. धृपद नावाची गोष्टच नाही. २१ डिसेंबरला लोक आता ‘ग्रेव्ही डे’ म्हणतात आणि त्या दिवशी हे गाणे आवर्जून लावतात. भाऊ म्हणाला, ‘‘पहिल्या वर्षी स्वयंपाकघरात ते लागलं तेव्हा मला वाटलं कांद्यानं डोळ्यात पाणी आलं. पण त्या दिवशी कांदे दुसराच चिरत होता.’’ त्याने तीन दिवाळ्या घरी काढलेल्या नाहीत.

असो. आता आण्णांकडे येते.

स्लिम डस्टीची गाणी शोधताना मला ‘लाइट्स ऑन द हिल’ सापडले. हे त्याच्या बायकोने, जॉय मकीन यांनी रचलेले. लहानपणी पोलिओ झाल्याने त्या पायाला पट्ट्या बांधून चालत. नवऱ्याबरोबर खेडोपाडी कार्यक्रम करत त्यांनी सारा देश पालथा घातला. टॅमवर्थ या गावी १९७३ साली ग्रामीण गाण्यांची ‘गोल्डन गिटार’ पारितोषिके सुरू झाली, त्यातले पहिलेवहिले या गाण्याला मिळाले. गाणे ट्रक ड्रायव्हरचे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आण्णा दोन रात्री घरी होते. जेवणे झाल्यावर मी अंगणात फोनवर ते गाणे लावले. कधी नव्हे ती मी त्यांच्याजवळ बसले होते, त्यामुळे त्यांनाही बरे वाटले असावे. त्यांनी विचारले, ‘‘हे कुठलं गानं?’’

‘‘ऑस्ट्रेलियाचं. ट्रकवाल्याचं हाय, आण्णा.’’ ‘हाय’ माझ्या तोंडून आपोआप आले.

‘‘तिकडं बी टरक असत्यात व्हय?’’

मी त्यांना सांगितले, की तिकडे एका इंजिनामागे तीन-तीन ट्रॉल्या जोडतात, रोड ट्रेन म्हणतात, पन्नास मीटरपेक्षाही लांब. आण्णांनी अंगणाच्या कडेपासून रस्त्यापर्यंत नजरेने मोजले आणि म्हणाले, ‘‘घाटात वळंल कशी?’’ त्या भागात घाटच नाहीत, सपाट माळ आहे, हे ऐकून त्यांचे समाधान झाले. ‘‘मग कायबी जोडावं.’’

‘‘गानं काय म्हनतंय ते सांग की,’’ ते म्हणाले. आई भांडी घासायची थांबली होती.

मी सांगू लागले. रात्र आहे, पाऊस लागलाय. गाडीत माल जड हाय. डोंगरावरचा रस्ता. समोरून गाड्यांचं दिवं येत्यात आणि डोळं दिपत्यात, रस्ता दिसंना झालाय... आणि इथे मी थांबले. गाण्याचा शेवट चांगला नाही, हे मला माहीत होते. पण तो आईच्या देखत सांगावा लागेल, हे लावताना लक्षातच आले नव्हते.

आण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते रस्त्याकडे पाहत होते. गाणे संपेपर्यंत कुणी बोलले नाही.

‘‘कळलं,’’ ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘‘ड्रायव्हरची चूक न्हाय. समोरच्यानं डिपर द्याला पायजे हुता. गाडीच्या मागं लिवल्यालं असतंय ते उगं न्हाय. कोन देत न्हाय.’’

‘‘कुनी लिवलंय म्हनलीस?’’ आईने विचारले.

‘‘गानाऱ्याच्या बायकोनं.’’

आई काही बोलली नाही. पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला आण्णा भरायला निघाले. मी अंथरुणातच होते. दारात आई त्यांच्या हातात भाकरीचे गाठोडे देत होती आणि हळू आवाजात विचारत होती, ‘‘अवो, आपल्या गाडीचं डिपर चालतंय न्हवं?’’